मसुरीचं तिकीट आणि आईंचं दिग्व्रत



दशलक्षण पर्व संपलं, क्षमावाणीही झाली. ज्यांनी उपवास केले त्या सगळ्यांची मनापासून अनुमोदना. आज लिहिते आहे ते वरवर पाहिलं तर ट्रिपबद्दल आहे. दिवाळीच्या सुट्टीत हिमालयात फिरायला जायचं ठरवताना आमच्या घरी काय झालं, ते सांगायचं आहे. तुमच्यापैकी कित्येकींच्या घरी आत्ता हीच बोलणी चालू असतील, म्हणून लगेच लिहायला बसले.

माझ्या लग्नाला चोवीस वर्षं झाली. या चोवीस वर्षांत आम्ही पुष्कळ फिरलो, पण सगळं फिरणं यात्रेचं. कचनेरला तर दर वर्षी, पैठण, जिंतूरचं नेमगिरी, दोनदा शिखरजी, एकदा गिरनार, बाहुबलींच्या महामस्तकाभिषेकाला श्रवणबेळगोळ. त्याचं पुण्य आहेच, आनंदही आहे. पण बर्फाचा डोंगर एकदा डोळ्यांनी पाहावा, सकाळी उठून कुठलीही घाई नसावी, ही इच्छा मी कितीतरी वर्षं मनात ठेवली होती. या वर्षी मुलाची दहावी झाली, मुलगी संभाजीनगरला कॉलेजात आहे, आणि आमचे हे स्वतःहून म्हणाले, "दिवाळीनंतर दुकान चार-आठ दिवस बंद ठेवू. मसुरीला जाऊ." कापडाच्या दुकानाला उन्हाळ्यात लग्नसराई असते, मे महिन्यात आम्हाला हलता येत नाही. त्यामुळे दिवाळीनंतरचेच दिवस.

आता रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. भाऊबीजेनंतरच्या गाडीचं आरक्षण दशलक्षण सुरू व्हायच्या सुमारासच उघडलं. भोकरदनला रेल्वे नाही. जालन्याहून सचखंड एक्सप्रेस धरायची, दुसऱ्या दिवशी दिल्ली, तिथून गाडीने मसुरी. पाच तिकिटं काढायची असं ठरलं. आम्ही चौघं आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचं वय चौऱ्याहत्तर. पर्वात व्यवहाराचं काही नको म्हणून मी यांना म्हटलं, दहा दिवस थांबा. ते थांबले, हे बरं झालं.

पर्वात आमच्या मंदिरात रोज तत्त्वार्थसूत्राच्या एका अध्यायाचा अर्थ होतो. सातव्या दिवशी, उत्तम तपाच्या दिवशी, सातवा अध्याय. व्रतांचा. अणुव्रतं झाली, मग गुणव्रतांमध्ये दिग्व्रत आलं. दाही दिशांना आपली हद्द ठरवायची, आणि जन्मभर त्या हद्दीबाहेर जायचं नाही. त्याचे पाच अतिचार वाचले गेले. ठरवलेल्या मर्यादेपेक्षा वर जाणं, खाली जाणं, आडवं जाणं, क्षेत्र वाढवणं, आणि हद्द विसरून जाणं. ऊर्ध्वव्यतिक्रमाचा अर्थ सांगताना ताईंनी उदाहरण दिलं, डोंगर वगैरे चढणं. मी शेजारी बसलेल्या आईंकडे पाहिलं. त्या हात जोडून शांत ऐकत होत्या. आणि मला एकदम आठवलं.

आईंना दिग्व्रत आहे. बाबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी कचनेरला माताजींसमोर घेतलं. मी तेव्हा तिथेच होते. पूर्वेला शिखरजी, पश्चिमेला गिरनार, दक्षिणेला श्रवणबेळगोळ, उत्तरेला हस्तिनापूर. वर शिखरजीची पार्श्वनाथांची टोंक, त्याच्या वर नाही. सगळी हद्द तीर्थांच्याच नावांनी. शिखरजीचा डोंगर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे, मसुरी दोन हजारांच्या घरात. हस्तिनापूरपासून मसुरी आणखी उत्तरेला. म्हणजे आम्ही ज्या ट्रिपची पिशवी मनात भरत होतो, ती आईंच्या हद्दीच्या आडवीही बाहेर होती आणि वरही बाहेर होती. आणि आम्हा चौघांपैकी एकालाही ते आठवलं नव्हतं.

आईंना आठवत होतं. मग त्या बोलल्या का नाहीत? घरी येऊन विचारलं तर म्हणाल्या, "तू इतक्या वर्षांनी काही मागितलंस. तिकीट काढायच्या दिवशी सांगणार होते, मी येत नाही म्हणून. तोवर तुझा आनंद कशाला मोडू?"

रात्री घरात बोलणं झालं. ते सांगते, कारण अशी बोलणी आपल्या सगळ्यांच्याच घरी होतात.

यांचं म्हणणं होतं, "आईचं वय झालं आहे. प्रायश्चित्त घेता येतं. गुरूंना विचारू, ते काहीतरी मार्ग सांगतील." मुलाने मोबाइलवर नकाशा काढला आणि म्हणाला, "आजी, दक्षिणेची हद्द कमी कर. श्रवणबेळगोळऐवजी कुंभोजपर्यंत ठेव. तिकडचे उरलेले किलोमीटर उत्तरेला लाव. बेरीज तीच." आम्ही हसलो. पण आई हसून म्हणाल्या, "अरे, यालाच तर क्षेत्रवृद्धी म्हणतात. सकाळी ऐकलं ना? सूत्र लिहिणाऱ्यांना तुझ्यासारखे नातू माहीत होते." मुलगा गप्प झाला आणि नंतर स्वतःच सूत्राचा अर्थ काढून वाचत बसला.

आता माझं मत.

पहिलं म्हणजे, प्रायश्चित्त हे चुकून झालेल्या दोषासाठी असतं. आधी तिकीट काढायचं, मग दोष करायचा, आणि त्याचं प्रायश्चित्त आधीच हिशेबात धरायचं, हे मला पटत नाही. आपण घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बाबतीत हे फार सहज करतो. "एवढ्या लांब आलोच आहोत तर एक दिवस चालतं", "वय झालं, आता कशाला एवढं कडक". आपण ते प्रेमाने म्हणतो, खरं आहे. पण ज्या बाईने बारा वर्षं एक गोष्ट मनाशी धरून ठेवली, तिच्या हातून ती आपल्या सोयीसाठी सोडवायची, यात प्रेम किती आणि आपली सोय किती, हे एकदा तपासून पाहावं. पाचवा अतिचार हद्द विसरण्याचा आहे. आई तर विसरल्या नव्हत्या. विसरलो होतो आम्ही.

दुसरं, याच्या उलट बाजूचं. एक-दोघी जणी मला म्हणाल्या, "मग जाऊच नका. फिरायला जाणं म्हणजे अनर्थदंडच. पैसे आहेत तर पुन्हा शिखरजीला जा." हेही मला मान्य नाही. आईंचं व्रत त्यांचं आहे. ते त्यांनी समजून घेतलं, कुणी त्यांच्यावर लादलं नाही. मी ते घेतलेलं नाही. सासूच्या व्रताचं नाव पुढे करून सुनेची इच्छा गुंडाळून ठेवायची, ही आपल्याकडची जुनी रीत आहे, आणि त्यामुळे व्रताबद्दलच घरातल्या मुलींच्या मनात कडवटपणा येतो. अनर्थदंड म्हणजे विनाकारण केलेली हिंसा, विनाकारण केलेली नासधूस. डोंगर पाहणं अनर्थदंड नाही. डोंगरावर जाऊन आपण कसं वागतो, त्यात तो असू शकतो.

आणि तिसरं, ज्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे. दिग्व्रत कशासाठी, हे मी आईंना विचारलं. मला वाटलं होतं, त्या म्हणतील लोभ कमी व्हावा म्हणून. तेही आहेच. जुन्या काळी व्यापारी जितका लांब जाई तितका आरंभ वाढे, परिग्रह वाढे. पण आई म्हणाल्या, "हद्दीच्या पलीकडच्या सगळ्या जिवांना माझ्याकडून अभय आहे. तिथलं झाड, तिथलं पाणी, तिथली मुंगी, कुणालाच माझा त्रास नाही. घरात चूल पेटवणारी बाई मी, माझ्याकडून महाव्रत कुठलं व्हायला? पण तेवढ्या भागापुरतं ते झाल्यासारखं आहे." शास्त्रातही हेच सांगितलं आहे, की मर्यादेबाहेर श्रावकाची अणुव्रतं महाव्रतांसारखी होतात. मी ते अनेकदा ऐकलं होतं. पण मसुरीच्या डोंगराला माझ्या सासूबाईंनी बारा वर्षं अभय दिलेलं आहे, असं त्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

मग मी विचार केला, त्या डोंगराला आमच्याकडून काय मिळणार आहे?

आठवतं का, २०१८ च्या मे महिन्याच्या शेवटी सिमल्यात पाणी संपलं होतं. कित्येक भागांत आठवडाभर नळाला थेंब नव्हता. लोक टँकरपुढे रात्री रांगा लावत होते आणि तिथले रहिवासी सोशल मीडियावर पर्यटकांना हात जोडून सांगत होते, कृपा करून येऊ नका. सिमला इंग्रजांनी वसवलं ते थोड्या लोकांसाठी. आज तिथली वस्तीच कितीतरी पट, त्यात उन्हाळ्यात आपण सगळे जाऊन पडतो. डोंगरावर पाणी साठत नाही, ते खालून पंपाने वर चढवावं लागतं. मसुरीतही गर्दी इतकी झाली की उत्तराखंड सरकारने २०२५ मध्ये तिथे येणाऱ्या पर्यटकांची नोंदणी सक्तीची करायचं ठरवलं. म्हणजे आपण स्वतःला हद्द घातली नाही की शेवटी सरकार घालतं.

मराठवाड्याच्या बाईला हे समजावून सांगावं लागू नये. २०१२-१३ च्या दुष्काळात आपल्या जालन्याच्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. भोकरदनच्या बाईने टँकरखाली कळशी धरलेली आहे, एका बादलीत अंघोळ आणि त्याच पाण्यात फरशी पुसलेली आहे. तीच बाई हॉटेलात गेली की "पैसे भरले आहेत" म्हणून शॉवर सोडून ठेवते का? आपण पाणी गाळून पितो ते त्यातल्या जिवांसाठी. मग वाया घालवलेल्या पाण्यातले जीव कुणाच्या हिशेबात धरायचे? पाण्याच्या बाबतीत आपण घरी जैन आणि बाहेर गिऱ्हाईक, असं होता कामा नये.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. ट्रिप ठरवताना आपण आधी हॉटेल पाहतो, मग गाडी, मग पाहण्याची ठिकाणं, आणि नियम सगळ्यात शेवटी, अडचण म्हणून. तो क्रम उलटा करावा. आधी घरातल्या प्रत्येकाची हद्द विचारावी, मग ठिकाण ठरवावं, आणि शेवटी तिकीट काढावं. असं केलं तर ट्रिप रद्द होत नाही. आमची झाली नाही.

तोडगा आईंनीच सुचवला. म्हणाल्या, "माझी उत्तरेची हद्द हस्तिनापूर आहे ना? मग मला हस्तिनापूरला उतरवा. तुम्ही मसुरी चढा, मी मेरू चढते." तिथल्या जंबूद्वीपात मधोमध एकशे एक फुटांचा सुमेरू आहे, तो त्यांना म्हणायचा होता. आर्यिका ज्ञानमती माताजींच्या प्रेरणेने झालेली ही रचना १९८५ मध्ये पूर्ण झाली. हस्तिनापूर ही शांतिनाथ, कुंथुनाथ, अरहनाथ या तीन तीर्थंकरांची जन्मभूमी. वर्षाहून अधिक काळ आहार न मिळालेल्या आदिनाथांना राजा श्रेयांसने उसाचा रस दिला तो इथेच, म्हणून आपली अक्षय तृतीया. आईंनी हद्द ठरवली तेव्हा हे गाव नावाने धरलं होतं, पण ते त्यांनी पाहिलेलंच नव्हतं! आपल्या हद्दीच्या टोकाचं गाव एकदा डोळ्यांनी पाहायचं, याची त्यांना जी उत्सुकता आहे ती पाहून मला माझा बर्फाचा डोंगर आठवतो.

तर आता आमचा बेत असा आहे. तुम्हाला उपयोगी पडेल म्हणून तपशिलाने देते.

भाऊबीज झाली की कार्तिक शुद्ध तृतीयेला जालन्याहून निघायचं. चतुर्थीला दिल्ली, तिथून मेरठमार्गे हस्तिनापूर. जालन्याच्या अक्का, माझ्या थोरल्या नणंदबाई, आईंसोबत राहायला येणार आहेत. त्या दोघी तिथे धर्मशाळेत राहतील. आम्ही चौघं पंचमीला वर जाऊ आणि अष्टमीला संध्याकाळच्या आत खाली येऊ, कारण अष्टमीला अष्टान्हिका सुरू होते आणि आईंना नंदीश्वराची पूजा आमच्यासोबत करायची आहे. पुढचे दोन दिवस हस्तिनापूरला, मग घर. मसुरीचे तीन दिवस कमी वाटतील. पण उन्हाळ्यातल्या गर्दीचे आठ दिवस आणि दिवाळीनंतरचे निवांत तीन दिवस यांत मी तीन दिवस निवडीन. पावसाळा नुकताच संपलेला असतो, झऱ्यांना पाणी असतं, आणि हवा स्वच्छ असली की लाल टिब्ब्यावरून बर्फाची शिखरं दिसतात.

जेवणाचं सांगते. कार्तिक पौर्णिमेपर्यंत पिठाची मर्यादा पावसाळ्याची, म्हणजे तीनच दिवस. त्यामुळे घरून दळून नेलेलं पीठ आईंना प्रवासापुरतंच चालेल. पुढे तीर्थावरच्या भोजनशाळेत शुद्ध जेवणाची सोय होते, म्हणून तो प्रश्न सुटला. आम्हा चौघांचे नियम साधे आहेत, कंदमूळ नाही आणि रात्रीचं जेवण नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. कार्तिकात तिकडे सूर्य साडेपाचच्या आसपासच मावळतो, आणि डोंगरात तर त्याआधीच कड्याआड जातो. सूर्य दिसेनासा झाला म्हणून घाबरू नका, पण "अजून उजेड आहे" म्हणून फसूही नका. पंचांगातली किंवा मोबाइलवरची त्या गावाची वेळ पाहा आणि पाच वाजता ताट समोर येईल असं हॉटेलात सकाळीच सांगून ठेवा. पाण्यासाठी स्टीलच्या बाटल्या न्यायच्या. सकाळी उकळून घेतलेलं पाणी दिवसभर चालतं. प्लास्टिकच्या बाटल्या विकत घ्यायच्या नाहीत, हेही घरात ठरलं आहे.

आणि पिशवीचं. आजवर प्रत्येक यात्रेत खाण्याची पिशवी मी भरली, मी उचलली, गाडीत मी उघडली आणि धर्मशाळेत सगळे मंदिरात गेल्यावर डबे मी धुतले. नियम सगळ्या घराचा आणि राबणं एकटीचं, असं होत आलं. या वेळी मी स्पष्ट सांगितलं. दशम्या मी करीन. चिवडा आणि गुळपापडी मुलगी आणि तिचे बाबा करतील. पाणी उकळणं आणि बाटल्या भरणं मुलाकडे. वर गेल्यावर तीन दिवस मी डब्याला हात लावणार नाही. हे म्हणाले, "म्हणजे तूही आम्हाला हद्द घातलीस." मी म्हटलं, हो.

आम्ही चौघांनी त्या तीन दिवसांपुरतं देशव्रतही घ्यायचं ठरवलं आहे. दिग्व्रत जन्माचं असतं, देशव्रत थोड्या काळाचं, आपल्यासारख्यांना झेपणारं. माणशी एक बादली पाणी. घोड्यावर बसायचं नाही, कॅमल्स बॅक रोड पायी फिरायचा. हॉटेलपासून चालत जाता येईल तेवढीच ठिकाणं पाहायची, "एवढ्या लांब आलोच आहोत" म्हणून रोज नव्या धबधब्यामागे गाडी पळवायची नाही. मुलगा आधी कुरकुरला. मग त्यानेच नकाशावर हॉटेलभोवती गोल काढला.

काल क्षमावाणीला सगळ्यांशी "उत्तम क्षमा" झालं. दर वर्षी आईंच्या पाया पडताना मी पटकन म्हणते, कळत नकळत काही चुकलं असेल तर क्षमा करा. काल पहिल्यांदा चूक काय ते मला नेमकं माहीत होतं. म्हटलं, "आई, तुमची हद्द आम्ही विसरलो, त्याची क्षमा करा." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "सहाही तिकिटं कन्फर्म झाली ना? अक्काला खालचा बर्थ हवा."

झाली आहेत. अक्कांचा बर्थ मात्र वरचा आला आहे, तो बदलून घ्यायचं काम यांच्याकडे.

तुमच्या घरी कुणाला दिग्व्रत असेल, किंवा दुसरा कुठला नियम असेल जो त्यांनी तुमच्या आनंदासाठी बोलून दाखवला नसेल, तर तिकीट काढण्याआधी एकदा जवळ बसून विचारा. एवढीच विनंती.

जय जिनेंद्र.